भिंगरीच्या रात्री : गाडीतून फिरणाऱ्या एका कुत्रीच्या भुंकण्याचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री दीड वाजता काका-काकूंना भंडारदऱ्याच्या कॅम्पवरून गाडी काढावी लागली. कॅम्पवाला आधी दोनदा येऊन सांगून गेला होता. तिसऱ्यांदा तो हात जोडूनच आला. "काका, माफ करा, पण बाकीच्या तंबूतली माणसं आता माझ्यावर यायला लागलीत." शेजारच्या तंबूत सहा महिन्यांचं बाळ होतं, ते दोनदा दचकून उठलं होतं. काकांनी काही न बोलता चाकांखालचे दगड काढले, काकूंनी भिंगरीला मांडीशी धरून ठेवलं, आणि तिघांनी उरलेली रात्र राजूरच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काढली.

सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला. "अगं, हिला आता कायमचं कुणाकडे तरी ठेवावं लागणार का?" एवढं विचारून त्या गप्प झाल्या.

मी पुण्यात कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करते. हे प्रकरण त्या दोघांना विचारून लिहिते आहे. राज्याने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर गाडीतच संसार थाटून फिरणारी माणसं मला वरचेवर भेटतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर कुत्रं असतं. भुंकण्यावरून वाद झाला की त्यांना दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे कुत्र्याला घरी ठेवून जायचं, दुसरी म्हणजे त्याच्या गळ्यात झटका देणारा पट्टा अडकवायचा. माझ्या मते बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. पण त्यासाठी कुत्रं का भुंकतंय ते आधी शोधावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. इथे सात आठवडे गेले.

काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिकवायच्या. एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात त्यांनी पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर असं सगळं बसवून घेतलं होतं. वर्षातले सहा महिने फिरायचं हा बेत. भिंगरी तीन वर्षांची, तपकिरी, गावठी कुत्री. कात्रजजवळ गटाराच्या पाइपात सापडलेली, आनंदाने स्वतःभोवती फिरते म्हणून भिंगरी. नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी. डॉक्टरांकडून मी आधी कान, दात, सांधे तपासून घेतले. दुखणं असेल तर कुत्रं रात्री हमखास अस्वस्थ होतं, आणि ते बघितल्याशिवाय शिकवणीला हात घालणं मला बरोबर वाटत नाही. तिला काही झालेलं नव्हतं.

दोघांना कोडं पडलं होतं ते वेगळंच. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भिंगरी फारशी भुंकतच नाही. बेल वाजली की चार-पाच वेळा, मग शांत. शेजारी तिचं कौतुक करतात. "मग गाडीतच हिच्या अंगात काय येतं?" काका विचारत होते.

वही

मी काहीही सांगण्याआधी काकूंच्या हातात एक वही दिली. किती वाजता भुंकली, त्याच्या लगेच आधी काय झालं, किती वेळ चाललं, आणि तुम्ही दोघांनी काय केलं, एवढं चारच रकान्यांत लिहायचं. भोरच्या बाजूला त्यांच्या नात्यातल्या एकांचं शेत आहे. तिथे गाडी लावून त्यांनी चार रात्री काढल्या, जोडीला मोबाइलवर चित्रण केलं.

वहीतून पहिली गोष्ट बाहेर आली ती अशी, की भिंगरीचं भुंकणं एका जातीचं नव्हतंच.

दुपारी गाडीच्या पायरीला बांधलं की ती थांबून थांबून एकेक भुंकायची आणि प्रत्येक वेळी काकूंच्या तोंडाकडे बघायची. दोन भुंकण्यांमध्ये चांगली पाच-सहा सेकंदं. काकू "घे बाई" म्हणून ग्लुकोजचं बिस्कीट पुढे करायच्या. ही सरळ मागणी होती आणि ती पुरी होत होती. काका अंधारात बाहेर पडले की पातळ, वर चढत जाणारा आवाज, अधेमधे विव्हळणं. आपल्यातला एक कमी झाला याची ती घालमेल. आणि तिसरं, ज्यासाठी कॅम्पवरून निघावं लागलं ते. आधी तोंड मिटूनच घशातून "बुफ्". मग कान खिडकीकडे. मग सरबत्ती.

हे तिसरं रात्री साधारण साडेअकराला सुरू व्हायचं आणि दोनपर्यंत पुन्हा पुन्हा उसळायचं. चार रात्रींत कमीत कमी नऊ, जास्तीत जास्त चौदा वेळा. सगळ्यात लांबलेलं चाळीस मिनिटं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल. जवळून ऐकलं तर कुत्र्याचं भुंकणं ८० ते ९० डेसिबलपर्यंत सहज जातं. धरणाच्या काठावर, कापडाच्या तंबूत, थंडीच्या शांततेत ते कसं ऐकू येत असेल याचा विचार केला की कॅम्पवाल्याचा मला राग येत नाही.

माझी चूक

पहिला सल्ला मी चुकीचा दिला. चित्रण नीट बघायच्या आधीच मी ठरवलं की हिची ताकद खर्च होत नाही. संध्याकाळी तासभर चेंडू टाका, थकली की झोपेल. काकांनी आठवडाभर इमानाने चेंडू टाकला. भिंगरी धापा टाकत यायची, पडायची, आणि रात्री आणखी जोरात भुंकायची. अंग दमलेलं, डोकं मात्र टक्क जागं. चेंडूमागे सुसाट धावून कुत्रं थकतं त्यापेक्षा चेतत जास्त. झोपायच्या दोन तास आधी तर ते करूच नये. मी काकांची माफी मागितली आणि चेंडू कपाटात गेला. त्याच्या जागी सैल, लांब दोरीवर अर्धा तास नुसतं हुंगत फिरणं आलं. वास घेण्यात कुत्रं दमतं आणि निवतंही.

मग एक रात्र मी स्वतः गेले. गाडीच्या तळावर सतरंजी टाकून भिंगरीच्या शेजारी आडवी झाले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. पलंगावरून जे कळलं नसतं ते तिथून कळलं. दिवा मालवल्यावर गाडीचा पत्रा गार होत जातो, तसा तो टक्, टक् असा बोलतो. प्रत्येक टक् बरोबर तिचा एक कान हलत होता. पावणेबाराला शेताच्या राखणदाराने फेरी मारली. बॅटरीचा उजेड पडद्याच्या फटीतून आत आला आणि छतावरून सरपटत गेला. त्याच्या मागोमाग खडीवर पावलं. तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे राहिले. "बुफ्." काका वरून ओरडले, "भिंगरी, गप!" तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि दुप्पट आवाजात सुरू झाली. तिच्या लेखी काकाही भुंकायला लागले होते. म्हणजे बाहेर खरंच काहीतरी होतं.

पलंगाखाली प्लगला लावलेलं एक छोटं यंत्रही मला दिसलं. उंदीर पळवणारं. त्याचा आवाज आपल्याला येत नाही, कारण माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंत थांबतो. कुत्र्याचा जवळजवळ ४५,०००पर्यंत जातो. ही यंत्रं बहुधा याच मधल्या पट्ट्यात वाजतात. भिंगरी रोज रात्री त्या प्लगपासून दीड हातावर झोपत होती. ते तिथल्या तिथे काढलं. उंदरांसाठी धान्याचे डबे घट्ट झाकणाचे घेतले.

सकाळी वरंध घाटाच्या रस्त्याला चहासाठी थांबलो, तिथे धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य-पैसे घ्यायचे, पुढे निघायचं. रोज नवं शेत. घोड्यावरून उतरवलेली बोचकी, तीन दगडांची चूल, कोकरांवर पालथ्या घातलेल्या पाट्या, आणि मधोमध तीन कुत्री पाय ताणून पडलेली. आम्ही दहा पावलांवर गेलो तरी एकाने फक्त डोळा उघडला. चुलीपाशी बसलेल्या आजींना मी विचारलं, ही रात्री भुंकत नाहीत का?

"आवं, रातच्याला गप बसली तर कुत्री कशाची? पर दिसा उगा कशाला भुंकतील?" आणि मग बोचक्यांकडे हात करून म्हणाल्या, "ही जितं टाकली, तितं त्यांचं घर."

मला जे दोन दिवस सापडत नव्हतं ते आजींनी एका वाक्यात दिलं. फ्लॅटमधल्या भिंगरीला तीन वर्षांत प्रत्येक आवाजाचं नाव माहीत झालं होतं. लिफ्ट, दूधवाला, वरच्या मजल्यावरची खुर्ची. आपलं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते तिला ठाऊक होतं. गाडीत रोज संध्याकाळी ते सगळं पुसलं जायचं. नवी जागा, नवे आवाज, आणि हद्दच माहीत नाही म्हणून कानावर पडेल त्या सगळ्याची राखण तिच्या एकटीच्या अंगावर. वाड्यावरच्या कुत्र्यांची जागा रोज बदलते, पण बोचकी, घोंगड्या, चूल, माणसं, त्यांचा क्रम बदलत नाही. त्यांची हद्द त्यांच्याबरोबर चालते. भिंगरीकडे असं बरोबर चालणारं काहीच नव्हतं.

घोंगडी आणि "बघितलं"

काकूंनी फलटणहून खरीखुरी लोकरीची घोंगडी मागवली. ती अर्धी दुमडून भिंगरीची झाली. गाडीत लगेच टाकली नाही. आधी घरी, पंधरा दिवस. जेवण घोंगडीवर, चघळायचं घोंगडीवर, आणि ती आपणहून जाऊन बसली की काही न बोलता उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुढच्या पायांमध्ये ठेवायचा. धुवायची नाही अशी मी काकूंना गळ घातली. त्यांना ते जड गेलं, पण त्या वासातच सगळं होतं.

दुसरं काम आवाजाचं. काकांनी खडीवर चालण्याचा, तंबूची चेन ओढण्याचा, गाडीचं दार लावल्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. घोंगडीवर बसलेल्या भिंगरीला तो आधी इतक्या हळू ऐकवला की फक्त कान हलावा. आवाज आला की लगेच तुकडा. आवाज बंद, तुकडा बंद. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. पाठीचे केस उठले तर आवाज फार चढवला असं समजून पुन्हा खाली यायचं. नवव्या दिवशी पावलं ऐकून तिने दाराकडे न बघता काकांच्या हाताकडे बघितलं. काकांनी मला तेव्हाच फोन केला, ते लहान मुलासारखे बोलत होते.

तिसरं, रात्री काय करायचं ते. पलंगावरून ओरडणं बंद. "बुफ्" ऐकू आलं की दोघांपैकी एकाने खरोखर उठायचं, खिडकीशी जायचं, पडदा सारून बाहेर बघायचं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणायचं, "बघितलं." मग तिला घोंगडीवर बोलवायचं, तुकडा द्यायचा, दोन मिनिटं शेजारी बसायचं. सरबत्ती सुरू झाल्यावर हे चालत नाही, "बुफ्"लाच उठावं लागतं. काकांना वाटलं हा तर भुंकण्याचा लाड झाला. मी म्हटलं, काका, राखणदाराने हाक मारली आणि मालकाने येऊन बघितलं, तर राखणदार परत हाक कशाला मारेल? बघण्याचं नाटक मात्र करू नका. ती तुमची मान कुठे वळते ते बघत असते.

दुपारच्या मागणीसाठी उलटं. भुंकल्यावर काहीच नाही, नजरसुद्धा नाही. गप्प राहिली की मिळेल. पहिले तीन दिवस ती जास्तच भुंकली. असं होतंच, आणि नेमक्या तिथेच माणसं हार मानतात. काकू पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. चौथ्या दिवसापासून उतार. दुसऱ्या जातीचं, काका बाहेर गेल्यावरचं, त्यासाठी दिवसा दहा-दहा सेकंद दाराबाहेर जाऊन परत येण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू वेळ वाढवली. गाडीत एकटं ठेवून फिरायला जाणं मी पूर्ण बंद करवलं. उन्हात बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरपेक्षा पंधराएक अंशांनी तापू शकते, काचा बोटभर उघड्या ठेवल्या तरी.

जागा निवडणं हे माझ्या दृष्टीने निम्मं काम होतं. दिवस मावळायच्या निदान दोन तास आधी पोचायचं. गाडी उभी केली की सामान काढायच्या आधी भिंगरीला दोरीवर घेऊन मुक्कामाभोवती एक पूर्ण फेरा, तिला पाहिजे तिथे थांबत, हुंगत. गाडी संडास-बाथरूमच्या वाटेवर कधीच लावायची नाही, कारण रात्रीची निम्मी ये-जा तिथे असते. भंडारदऱ्याला त्यांची गाडी बरोबर त्याच वाटेवर होती. दाराची बाजू झाडीकडे किंवा भिंतीकडे. खिडक्यांना आतून जाड काळं कापड, कडा चिकटपट्टीने बंद. छोटा पंखा रात्रभर चालू, त्याच्या एकसुरी आवाजात पत्र्याचं टक् टक् बुडतं. जेवण सातला, शेवटची फेरी दहाला.

झटक्याच्या पट्ट्याबद्दल काकांनी विचारलं होतं, लपवत नाही. ते वाईट माणूस नाहीत, बेजार झाले होते. मी स्पष्ट नाही म्हटलं. भुंकणं हे तिच्या भीतीचं टोक आहे. अंधारात पावलं ऐकू आली आणि त्याच क्षणी मानेला झटका बसला, तर ती शिकेल ते एवढंच, की पावलं खरोखरच वाईट असतात. काही पट्टे तर शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यानेही चालू होतात. वेल्समध्ये २०१०पासून असे पट्टे वापरायला बंदी आहे. आपल्याकडे १९६०च्या कायद्यानुसार प्राण्याला विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे. रात्रभर तोंडाला मुसकं बांधणंही तितकंच वाईट. कुत्रं धापा टाकून अंग गार ठेवतं, ते तोंडच बंद केलं तर जिवावर बेतेल.

पाचवा आठवडा

पाचव्या आठवड्यात सगळं बिघडलं. नात्यातली मुलं पवना धरणावर चालली होती, त्यांच्या आग्रहाने काका-काकूही गेले. शनिवार. बाजूच्या कॅम्पवर दहापर्यंत गाणी, मग फटाके, कुणीतरी शेगडीवरचं मसाल्याचं चिकन हाडासकट भिंगरीपुढे टाकलेलं. (शिजवलेली हाडं टोकदार फुटतात आणि मसाल्यातला कांदा कुत्र्याला विषारी असतो. कॅम्पवर शेजाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावं, ते प्रेमानेच टाकत असतात.) त्या रात्री अकरा वेळा. दुसऱ्या रात्री ते कामशेतच्या बाजूला अगदी निवांत जागी होते, तरी आठ वेळा. काकू रडवेल्या झाल्या, "सगळं पाण्यात गेलं."

गेलं नव्हतं. एका रात्रीत इतका ताण साचला की तो पुढच्या दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरतो. तोवर कुत्रं टाचणी पडली तरी उसळतं. दोघांना घरी बोलावून घेतलं, तीन दिवस नुसतं हुंगणं, चघळणं, झोप. चौथ्या दिवशी आवाजाची शिकवणी एक पायरी मागे जाऊन पुन्हा सुरू. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला, शनिवार-रविवारचे आणि सुट्टीचे मुक्काम नावाजलेल्या जागी करायचे नाहीत.

फेब्रुवारीत ते कोकणात उतरले. गुहागरला एका वाडीत सुपारीच्या बागेकडेला गाडी लावली. वहीत त्या रात्री दोनच नोंदी आहेत, दोन्ही मिनिटाच्या आतल्या. आंजर्ल्याला एकही नाही. तिथे किनाऱ्यावर कासवांची घरटी असतात, कुत्री ती उकरतात, म्हणून दोरी क्षणभरही सोडायची नाही हे मी आधीच बजावलं होतं. भिंगरी वाळू हुंगत दोरीच्या टोकापर्यंत जायची आणि वळून काकूंकडे बघायची. काकूंनी त्याचा फोटो पाठवला.

मार्चमध्ये काकांनी भंडारदऱ्याच्या त्याच कॅम्पवाल्याला फोन केला. गुरुवारी येऊ का, झाडीजवळचा कोपरा देशील का, आणि भुंकली तर मी स्वतः निघून जाईन, असं सांगून. तो हो म्हणाला.

त्या रात्रीबद्दल मी त्यांना आधी एक गोष्ट सांगितली होती. हा अकोले तालुका, बिबट्याचा मुलूख. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. म्हणून कुत्रं तंबूबाहेर बांधून झोपायचं नाही, रात्री दोरीशिवाय खाली सोडायचं नाही, आणि तिचं भुंकणं कधी निराळं वाटलं तर ते दाबायचं नाही. सगळं भुंकणं बंद करायचं हे माझं ध्येय कधीच नव्हतं. आजींच्या कुत्र्यांसारखं, कामापुरतं.

तीनच्या सुमाराला भिंगरी उठली. या वेळी "बुफ्" नव्हतं. खोल, सलग, दारापासून एक पाऊल मागे सरून. खालच्या वाडीतली कुत्रीही त्याच वेळी उठली होती. काका खिडकीशी गेले. कापडाची कड सारून बराच वेळ बाहेर बघत राहिले, दाराची कडी तपासली. बॅटरी बाहेर मारली नाही, दार उघडलं नाही. मग तिच्याशेजारी खाली घोंगडीवर बसले आणि पाठीवर हात ठेवला. खालची कुत्री दूर दूर जात शांत झाली. बाकीच्या तंबूंतून कुणी बाहेर आलं नाही.

सकाळी कॅम्पवाला चहा घेऊन आला. भिंगरीने शेपूट हलवत त्याचे पाय हुंगले. रात्री आवाज आला का, काकांनी विचारलं. "आला की," तो म्हणाला, "पण मीच उठून कोंबड्यांची जाळी बघून आलो."

काकूंच्या वहीत त्या तारखेला एवढंच आहे : ३.१० भुंकली. बघितलं. ३.१६ झोपली.